हनुमानगंज ठाण्यातील एक नोंद

भोपाळच्या हनुमानगंज पोलीस ठाण्याच्या दप्तरात ३ डिसेंबर १९८४ या तारखेस एक गुन्हा दाखल झाला. त्याचा क्रमांक ११०४/८४. कलम भारतीय दंडसंहितेचे ३०४-अ, म्हणजे हयगयीच्या कृत्याने मृत्यूस कारण होणे. आदल्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला होता आणि झोपेत असलेल्या वस्त्यांवरून तो पसरत गेला होता. ठाण्याच्या अधिकाऱ्याने कोणा फिर्यादीची वाट न पाहता आपण होऊन ही नोंद केली. त्या सकाळी शहरात प्रेते उचलावयास माणसे पुरत नव्हती. गुन्ह्यांच्या वहीत मात्र एका क्रमांकाची भर पडली.

ही वही व तिच्यावरून पुढे झालेले निवाडे सामान्य नागरिकास वाचावयास मिळतात काय, केव्हा मिळतात व कोणत्या स्वरूपात मिळतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या अंकात पोलीस ठाणे आणि कचेऱ्यांचे काय काम, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ग्रंथालय म्हणजे जर सर्वांस खुले असलेले कपाट, तर कोणते कागद त्या कपाटापर्यंत पोचलेच नाहीत, याचाही इतिहास ग्रंथालयाच्याच इतिहासात मोडतो.

आपल्या देशातील गुन्ह्यांची मोजणी ठाण्याच्या वहीपासून सुरू होते. ठाण्यातून जिल्ह्यास, जिल्ह्यातून राज्यास आणि राज्यातून दिल्लीस आकडे जातात व त्यांचा वार्षिक ग्रंथ निघतो. असा पहिला ग्रंथ १९५३ या वर्षाचा. १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभाग स्थापन झाल्यावर हे काम त्याच्याकडे आले. या मोजणीचे परिमाण नोंदलेला गुन्हा हे आहे. एका फिर्यादीत अनेक कलमे असली तरी त्यांतील मुख्य कलमाखालीच तो गुन्हा धरला जातो. त्यामुळे हजारो माणसांचा बळी घेणारी घटना आणि एका पादचाऱ्यास उडविणाऱ्या मालमोटारीची घटना या दोन्ही गुन्ह्यांच्या संख्येत सारख्याच, म्हणजे एकेक, ठरतात. यात कोणाची लबाडी नाही. पोलिसांचे काम किती, हे मोजण्यासाठी तयार झालेले ते माप आहे. लोकांनी काय सोसले, हे मोजण्याचे नव्हे.

किंबहुना या वहीचा उगमच लोकांना माहिती देण्यासाठी झालेला नव्हता. मध्य भारतात गुन्हेगारीचा पहिला मोठा पद्धतशीर धांडोळा घेतला तो जबलपूरला बसून विल्यम स्लीमन याने. माफीच्या साक्षीदारांकडून काढलेले जबाब, ठगांच्या वंशावळी, त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश, असे सारे त्याने जमविले व १८३६ साली कलकत्त्यास छापून घेतले. तो ग्रंथ सरकारी अधिकाऱ्यांच्या उपयोगाचा होता. ज्यांच्या वंशावळी त्यात छापल्या त्यांना तो खोडून काढण्याची सोय नव्हती. पुढे १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातीच गुन्हेगार म्हणून नोंदवहीत गेल्या. पारधी, बेरड, कंजर अशा समाजांतील माणूस जन्मतःच वहीत चढे आणि ती वही त्याच्या हाती कधी पडत नसे. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. बंद दप्तरातील आकडा कसा माणसाच्या कपाळी बसतो, याचे याहून बोलके उदाहरण आपल्याकडे सापडणार नाही.

लोकांनाच विचारून गुन्ह्यांची मोजदाद करावी, ही कल्पना बरीच अलीकडची. अमेरिकेत असे सर्वेक्षण १९७२ पासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून सुरू झाले. आपल्याकडे गुन्ह्यांच्या नावाने अखंड चालणारे राष्ट्रीय सर्वेक्षण अजून रुजलेले नाही. परंतु देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसाचाराचे प्रश्न विचारले जातात. २०१९–२१ च्या फेरीत, विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून मारहाण वा लैंगिक बळजबरी सोसल्याचे सांगितले. ठाण्याच्या वहीत याचा अल्पांशही उतरत नाही. या सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी, नावे वगळून, अभ्यासकांस मागणी करून मिळते, ही त्यातील विशेष जमेची बाजू होय. आकडा छापणे वेगळे आणि आकड्यामागचा कच्चा मसुदा तपासू देणे वेगळे. भोपाळच्या बाबतीत हाच फरक पुढे जीवघेणा ठरला.

आता निवाड्यांकडे वळू. न्यायालयाचा निर्णय हा उघड दरबारात दिला जातो, तेव्हा तो सर्वांचाच, असे आपण मानतो. परंतु दरबारात उच्चारलेला शब्द आणि हाती पडलेला छापील कागद यांत फार अंतर असते. इंग्रजी अमदानीत १८७५ च्या कायद्याने उच्च न्यायालयांचे निवडक निवाडे सरकारतर्फे छापण्याची व्यवस्था झाली. तिचा उपयोग वकिलांना. सामान्य मराठी वाचकास खटल्याच्या कागदांची गोडी लागली ती बहुधा लोकमान्यांमुळे. १९०८ च्या खटल्याचे समग्र कामकाज नरसिंह चिंतामण केळकरांनी त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आरोपीचे भाषण, ज्यूरीपुढील युक्तिवाद, न्यायाधीशांचे उद्गार हे सारे एकत्र वाचून वाचकाने आपले मत बनवावे, हा त्यामागील हेतू. निवाडा पटला नाही तरी तो वाचलाच पाहिजे, ही शिस्त त्या ग्रंथाने आपल्याला लावली, असे मी मानतो.

यानंतरचे मोठे पाऊल नागपुरात पडले. वि. वि. चितळे या वकिलांनी १९२२ साली तेथे 'ऑल इंडिया रिपोर्टर' सुरू केले. निरनिराळ्या उच्च न्यायालयांचे निवाडे एकाच मालेत, वर्षवार आणि न्यायालयवार आणण्याची ती योजना होती. मुंबई वा कलकत्ता नव्हे, तर मध्यप्रांतातील एका शहरातून निघणारी ही माला देशभर प्रमाण मानली गेली. आजही 'ए.आय.आर.' ही तीन अक्षरे वर्षाच्या आकड्यामागे लावल्यावाचून वकिलांचे पान हलत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला आली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि नागपूर मुंबई राज्यात सामील झाले. सचिवालयाच्या दप्तरांबरोबर नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबे भोपाळला येऊन वसली. दप्तरे आली, माणसे आली. निवाड्यांची माला मात्र नागपूरहूनच निघत राहिली. भोपाळच्या दुर्घटनेचे प्रमुख निवाडे देशभरातील वकील त्याच मालेचा पृष्ठांक सांगून उद्धृत करतात: १९९० च्या खंडातील पृष्ठ २७३ आणि १९९२ च्या खंडातील पृष्ठ २४८.

या दोन पृष्ठांकांमागे काय दडले आहे, ते थोडे विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे.

दुर्घटनेनंतर चार महिन्यांच्या आत, २९ मार्च १९८५ रोजी, संसदेने एक कायदा केला. त्यान्वये सर्व पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा एकमेव अधिकार केंद्र सरकारकडे आला. हेतू चांगला होता. मोहल्ल्यांतून फिरून वकालतपत्रांवर अंगठे उठवून घेणाऱ्या अमेरिकी वकिलांपासून लोकांना वाचविणे, हे त्याचे एक कारण. परंतु परिणाम असा झाला की ज्याचे फुप्फुस जळले तो आपल्याच दाव्यात पक्षकार उरला नाही. स्वखर्चाने वकील जोडून घेण्याची मुभा कायद्यात होती. छोला, जयप्रकाशनगर या वस्त्यांतील हातावर पोट असलेल्या माणसास ती मुभा किती उपयोगाची, हे सांगावयास नको. पक्षकार नसलेल्या माणसाला खटल्यातील कागद आपसूक मिळत नाहीत, हे येथे ध्यानात ठेवावे.

न्यूयॉर्कच्या न्यायाधीश कीनन यांनी १२ मे १९८६ रोजी हा वाद भारतातच चालावा असा निर्णय दिला. भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दावा लागला. जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी कंपनीने ३५० कोटी रुपये अंतरिम साहाय्य म्हणून भरावेत असा आदेश दिला. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सेठ यांनी ४ एप्रिल १९८८ रोजी ती रक्कम २५० कोटींवर आणली. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे दिल्लीत सुनावणी चालू होती ती अंतरिम रकमेची. मूळ दाव्यातील पुरावा भोपाळात नोंदलाही गेला नव्हता.

अशा वेळी १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सरन्यायाधीश पाठक यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एक त्रोटक आदेश दिला. ४७ कोटी डॉलर भरून संपूर्ण वाद मिटला. दिवाणी दावे संपले आणि फौजदारी खटलेही संपले. या आदेशात रक्कम होती, कारणे नव्हती. ४७ कोटीच का, किती मृत धरले, किती अपंग धरले, कोणत्या कागदावरून धरले, यातले काही नाही. भोपाळच्या माणसाने त्या दिवशी निवाड्याची प्रत पैदा केली असती तरी तिच्यात त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. निवाडा उपलब्ध असणे आणि निवाडा वाचता येण्याजोगा असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

कारणे आली ४ मे १९८९ रोजी, सुमारे अडीच महिन्यांनी. त्यात आकडे आहेत. मृत ३,०००, त्यांच्यासाठी ७० कोटी रुपये. कायमचे पूर्ण वा अंशतः अपंगत्व आलेले ३०,०००, त्यांच्यासाठी २५० कोटी. तात्पुरते अपंगत्व २०,०००, त्यांच्यासाठी १०० कोटी. अत्यंत गंभीर इजेची २,००० माणसे, त्यांच्यासाठी ८० कोटी. विशेष वैद्यकीय उपचारांसाठी २५ कोटी, आणि किरकोळ इजा, जनावरे व मालमत्ता मिळून २२५ कोटी. एकूण ७५० कोटी. याच निवाड्यात एक अतिशय महत्त्वाचे वाक्य आहे. त्याचा आशय असा, की मृतांची वा अपंगांची खरी संख्या एवढी मोठी निघाली की तडजोडीमागील गृहीतके वस्तुस्थितीशी सर्वथा विसंगत ठरावीत, तर त्या तडजोडीच्या न्याय्यतेसच गंभीर बाध येईल. न्यायालयाने दार किलकिले ठेवले होते. मात्र त्यातून आत जायचे तर हाती संख्या हवी. आणि संख्या कोणाच्या हाती होती?

ती सरकारी दावे संचालनालयाच्या हाती होती. प्रत्येक दावेदाराची वैद्यकीय तपासणी करून त्याची धारिका तयार करावयाची, धारिकेतील नोंदींना गुण द्यावयाचे व गुणांवरून त्याचा वर्ग ठरवावयाचा, अशी ही पद्धत होती. पुनर्विचार अर्जांच्या सुनावणीत ऑक्टोबर १९९० अखेरचे जे आकडे न्यायालयापुढे आले ते असे. आलेले दावे ६,३९,७९३. तयार झालेल्या धारिका ३,६१,९६६. मूल्यमापन झालेल्या ३,५८,७१२. त्यांपैकी 'कोणतीही इजा नाही' या वर्गात १,५५,२०३ माणसे. 'तात्पुरती इजा' या वर्गात १,७३,३८२. कायमचे अंशतः अपंगत्व २,६८०. आणि कायमचे पूर्ण अपंगत्व ४०.

चाळीस. तडजोडीच्या वेळी कायमचे पूर्ण वा अंशतः अपंग म्हणून तीस हजार माणसे धरली होती. मोजणीत दोन्ही मिळून तीन हजारही भरली नाहीत. याचा अर्थ तडजोड उदार होती असा घ्यावा, की मोजणीच तोकडी होती असा घ्यावा? कंपनीच्या बाजूने पहिला अर्थ काढता येतो. पीडितांच्या संघटना दुसरा अर्थ सांगत आल्या: वायूच्या दीर्घ परिणामांची माहिती नसताना ठरविलेले गुण, घाईची तपासणी, उपचाराचे कागद नसलेली गरीब माणसे. मला दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. पण माझे मत काही असो, याचा निर्णय करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग होता: नावे झाकून त्या साऱ्या धारिका स्वतंत्र अभ्यासकांपुढे ठेवणे. तसे त्या काळी घडले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ ते १९९४ या काळात भोपाळात मोठे सर्वेक्षण केले. त्याचा समग्र अहवाल लोकांसमोर आला तो काम थांबल्यावर कित्येक वर्षांनी. तोवर बहुतेक दाव्यांचे वर्ग ठरून गेले होते.

३ ऑक्टोबर १९९१ च्या निवाड्याने तडजोड कायम केली, फौजदारी कारवाईस दिलेली माफी मात्र रद्द केली. रक्कम अपुरी पडल्यास भरपाई केंद्र सरकारने करावी, असेही त्यात म्हटले. ते पीडितांना कोणी समजावून सांगितले? संघटनांनी. अब्दुल जब्बार यांच्या संघटनेच्या दर शनिवारच्या सभा यादगार-ए-शाहजहानी बागेत भरत. बुरखा घातलेल्या, पदर घेतलेल्या शेकडो बाया गवतावर बसून तारखा, अर्ज, निवाडे यांचा अर्थ कानांनी ऐकत. इंग्रजी निवाड्याचे हे हिंदुस्तानीतले सार्वजनिक वाचन. ज्यांना कागद मिळत नाही आणि मिळाला तरी वाचता येत नाही, त्यांचे ते ग्रंथालयच होते म्हणा ना. जब्बार २०१९ च्या नोव्हेंबरात वारले.

फौजदारी बाजूची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिचा धागा पुन्हा त्या पहिल्या नोंदीस जाऊन मिळतो. केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास हाती घेऊन १ डिसेंबर १९८७ रोजी आरोपपत्र ठेवले, त्यात कलम ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवधाचे होते. १३ सप्टेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते खाली आणून ३०४-अ केले. हनुमानगंज ठाण्याने पहिल्या सकाळी घातलेले कलम बारा वर्षांनी पुन्हा जागेवर आले. त्यात जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी तीच दिली. देशभर क्षोभ उसळला तेव्हा कित्येकांना १९९६ चा निवाडा प्रथमच ठाऊक झाला. तो चौदा वर्षे छापील खंडांत उघडा पडून होता. वकिलांखेरीज कोणी पाने उलटली नव्हती, एवढेच.

त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्र सरकारने तडजोडीची रक्कम वाढवून मिळावी म्हणून उपचारात्मक अर्ज केला. त्या वेळी नुकसानभरपाई मिळालेल्या मृत्यूंची संख्या ५,२९५ होती आणि एकूण भरपाई मिळालेली माणसे पावणेसहा लाखांच्या घरात. १९८९ ची गृहीतके यापुढे कोठे टिकतात, हे वाचकांनीच पाहावे. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्ज फेटाळला. तडजोडीस इतक्या वर्षांनी हात लावता येणार नाही, आणि पीडितांसाठी विमा उतरविण्याची हमी सरकारनेच पाळली नाही, असे त्यात नमूद आहे.

२०२३ चा हा निवाडा वाचावयास कोणास नागपूरच्या खंडाची वाट पाहावी लागली नाही. तो त्याच दिवशी संगणकावर उपलब्ध झाला. मधल्या काळात बरेच बदलले होते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला. १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लखनौच्या एका प्रकाशनसंस्थेच्या व डी. बी. मोडक यांच्या वादात स्पष्ट केले, की निवाड्याच्या मूळ शब्दांवर कोणाची मालकी नाही; संपादकाने आपल्या बुद्धीने घातलेल्या भरीपुरतेच संरक्षण. या निर्णयाने निवाड्यांचे मोफत संग्रह निघण्यातील मोठी धास्ती गेली. २०१६ साली पोलिसांनी प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवावी असा आदेश झाला. लैंगिक अत्याचारासारखी नाजूक प्रकरणे वगळून, हे योग्यच. पीडितेचे नाव जगजाहीर करणे म्हणजे पारदर्शकता नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपले अधिकृत निवाडे, सुमारे ३४,०००, विनामूल्य खुले केले. त्याच महिन्यात भारतीय भाषांतील १,२६८ अनुवाद त्यात आले. त्यांपैकी मराठी १४ होते. पुढे संख्या वाढत गेली.

याच्या उलट दिशेचेही एक पाऊल आहे. ४ मार्च २०२० रोजी, गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की न्यायालयीन दप्तरातील कागदांच्या प्रती माहितीच्या अधिकाराखाली मागता येणार नाहीत. त्या त्या उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे अर्ज करावा. पक्षकारास प्रत हक्काने मिळते. जो पक्षकार नाही त्याने कारण सांगावे व प्रतिज्ञापत्र जोडावे. निवाडा सर्वांचा झाला. पण निवाडा ज्या साक्षीपुराव्यावर उभा आहे ती धारिका पक्षकारांचीच राहिली. १९८५ च्या कायद्याने पक्षकारपण गमावलेल्या भोपाळकरास, आपल्याच दाव्यातील कागद मागताना, 'तुमचा संबंध काय' या प्रश्नाचे उत्तर प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागेल, ही या नियमाची विचित्र परिणती होय.

धारिकांच्या बाबतीत मात्र एक आदेश ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ९ ऑगस्ट २०१२ रोजी, महिला उद्योग संघटनेच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वायुपीडितांच्या आरोग्याच्या साऱ्या नोंदी संगणकावर आणाव्यात व प्रत्येक पीडितास त्याच्या प्रकृतीची स्वतंत्र पुस्तिका द्यावी. त्यावर देखरेखीचे काम जबलपूरच्या उच्च न्यायालयाकडे सोपविले गेले. ज्या माणसाचा वर्ग गुण घालून ठरविला गेला त्याच्या हाती त्याची स्वतःची नोंद देण्याचा हा आदेश दुर्घटनेनंतर अठ्ठाविसाव्या वर्षी निघाला.